साहेबांच्या कोंबड्यांचा काशीवास

आमच्या घरातली जी जी माणसं काशीत वारली ती सगळी मुक्त झाली, याबद्दल आमच्यात दुमत नाही. वाद आहे तो सहा कोंबड्या आणि एका कोंबड्याबद्दल.

आता तुम्ही विचाराल, बालाजी घाटाजवळच्या गल्लीत राहणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या वेद सांगणाऱ्या दक्षिणी ब्राह्मणाच्या घरात कोंबड्या आल्याच कशा? (गल्लीनंही हेच विचारलं. रोज विचारलं.) तर त्या आमच्या नव्हत्या, साहेबांच्या होत्या. साहेब म्हणजे आमच्या शाळेचे गोरे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखाली संस्कृत शिकवायचो, पण नोकरी हंगामी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की माझा पगारही सुट्टीवर जायचा. त्या वर्षी साहेब म्हणाले होते की नैनीतालहून परतलो की तुम्हाला कायम करून टाकू. आणि मला कायम होणं भागच होतं. घरात पाळणा हलायचा होता, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वच्छ सांगितलं होतं की या पावसाळ्यात कायम झाला नाहीस तर इंग्रजी शाळा पुरे, माझ्याबरोबर घाटावर श्राद्धं सांगायला बसायचं. माझा आवाज असा की मी मंत्र म्हणायला लागलो की यजमान पितरांना सोडून माझीच चौकशी करतात, तबियत बरी आहे ना म्हणून. घाटावर बसलो असतो तर बायकोपोरासकट उपाशी मेलो असतो.

साहेब पहाडावर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं. त्यांच्याकडे विलायती जातीच्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या होत्या, मॅडमच्या अगदी जिवापाड लाडक्या. दर उन्हाळ्यात त्या खानसाम्याच्या हवाली असत, आणि दर उन्हाळ्यात निम्म्या कोल्हा नेई. कोल्हा कधी कुणाला दिसला नव्हता. खानसामा मात्र सुट्टीत चांगला गुटगुटीत होई. तेव्हा या वर्षी साहेबांनी डोकं चालवलं. मला म्हणाले, मास्टर, साऱ्या बनारसमध्ये माझी कोंबडी खाणार नाही अशी खात्री मला एकाच घराची आहे, तुमच्या. आमच्या घराण्याच्या सोवळ्याचा असा गौरव आजवर कुणी केला नव्हता! मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून "थँक यू सर" बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावरून जाळीचं, वर पत्रा मारलेलं खुराडं आमच्या मागच्या परसात येऊन पडलं. अण्णा नेसत्या वस्त्रानिशी जाऊन गंगेत बुडी मारून आले, कोंबडा आरवला, तसे आणखी एकदा जाऊन आले. खरी भीती आत्याची होती. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घराची सगळी सूत्रं तिच्या हातात. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून खुराड्याकडे बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला की आलेल्याला हाकलायचं नाही, पण या घरात जो राहील तो या घरासारखा राहील. मी सुटकेचा निःश्वास सोडला. (तिच्या बोलण्याचा नीट विचार करायला हवा होता. पण मी संस्कृतचा मास्तर, मराठीचा विचार कुठला करणार!)

दाणापाणी माझ्याकडे होतं. अंडी सकाळी झाडूवाली घेऊन जाई. पहाटे कोंबडा आरवला की अण्णांचा जप चुके आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना धोतर सावरून चालत. पण आश्चर्य म्हणजे आत्या हळूहळू विरघळली. खिडकीत बसून ती कोंबड्यांशी बोलायला लागली. कोंबडा अण्णांच्या आधी उठतो, नेमाचा पक्का आहे, असं तिनं एकदा अण्णांच्या समोर सांगितलं, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. मी मात्र खूश होतो. रोज खुराड्यापुढे उभा राहून सगळ्या जागच्या जागी आहेत ना बघायचो आणि मनातल्या मनात कायम व्हायचो.

मग जेठातली ती लू, अंग भाजून काढणारा वारा, सुरू झाली. बनारसची लू ज्यानं अंगावर घेतली नाही त्याला मी काय सांगू? दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा निघत नाही. त्यात निर्जळा एकादशी आली. आमच्याकडे ती कडक. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, तेवढी आत्यानं सूट दिली होती, दोन जिवांची म्हणून. बाकी आम्ही सगळे पाण्याच्या थेंबाविना. मी पहाटे खुराड्यातल्या ताटलीत दाणे टाकले, पाण्याचं कुंडं काठोकाठ भरलं आणि आत येऊन अंगावर ओला पंचा टाकून जो आडवा झालो तो दिवसभर उठलोच नाही.

द्वादशीला पारणं फेडायच्या आधी मी परसात गेलो, तर सगळं शांत. कोंबडा आरवला नव्हता. मी जाळीशी वाकलो. सातही जण आडवे. पाय वर, चोची उघड्या, आणि समोर कुंडं भरलेलं, दाणे जसेच्या तसे! रक्त नाही, पीस उपटलेलं नाही, जाळी कुठे वाकलेली नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि ते आधीच चोवीस तास नव्हतं.

मी ओरडलो. ही धावत आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणाली, "अहो, आता नोकरी?" कोंबड्यांसाठी कुणी रडेना, सगळे माझ्याकडे बघून रडण्याच्या बेतात. अण्णा आले, त्यांनी लांबून नजर टाकली आणि एकच प्रश्न विचारला, "तू काय घातलंस त्यांना?" मला वाटत होतं हाच प्रश्न त्यांना विचारावा. जप चुकायचा तो त्यांचा! दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. बापानं लेकावर आणि लेकानं बापावर कोंबडीच्या खुनाचा आळ घ्यावा, असा प्रसंग आमच्या कुळात पहिलाच. आत्या खिडकीतून सगळं बघत होती. ती तेवढी शांत. "सुटले रे बिचारे," म्हणाली आणि देवघरात गेली.

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून पांडेजींनी डोकावलं. पांडेजी म्हणजे गल्लीतला तारखात्याचा बाप, बातमी आधी त्यांच्याकडे. त्यांनी खुराड्याकडे बघितलं, नाकाला उपरणं लावलं आणि हळूच म्हणाले, "मास्टरजी, प्लेग है."

झालं! प्लेगाचं नाव त्या काळात नुसतं कुणी काढलं तरी गल्ल्या रिकाम्या व्हायच्या. सरकारी माणसं येणार, आम्हाला घराबाहेर काढणार, गाद्यागोधड्या जाळणार, भिंतींना चुना फासणार. हिला असल्या अवस्थेत छावणीत नेऊन ठेवणार. आता भीती नोकरीची राहिली नव्हती, हिच्या जिवाची होती. मी पांडेजींपुढे हात जोडले. ते म्हणाले की आपण कुणाला सांगणार नाही. म्हणजे दुपारपर्यंत वेळ होता.

तेव्हा ठरलं की आधी या सात जिवांना घराबाहेर काढायचं. कुठे? काशीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. निर्माल्य न्यायची वेताची करंडी आणली, त्यात त्यांना रचलं, वरून हिची लाल शाल घातली आणि शालीवर झेंडूची फुलं. आत्यानं लांबून दर्भाच्या काडीनं प्रत्येकीच्या चोचीत गंगाजळ सोडलं. मला भरून आलं. किती मायेची बाई, म्हटलं.

द्वादशीची सकाळ, त्यामुळे घाट माणसांनी फुललेला. मी करंडी डोक्यावर घेऊन, घाम पुसत, चेहऱ्यावर भक्तिभाव आणून पायऱ्या उतरायला लागलो. दोनचार म्हाताऱ्यांनी वाटेत करंडीला हात लावून कपाळाला लावला. इथपर्यंत ठीक होतं. पण खाली छत्रीखाली बाळंभट बसले होते, अण्णांचे लंगोटीयार. त्यांनी उठून मला अडवलं. पारणं फेडायला प्रसाद आहे का काही, असं म्हणत त्यांनी सरळ शालीखाली हात घातला.

तो हात तिथंच थांबला. बाळंभटांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"हे काय रे गोविंदा?"

"मूर्ती आहे. भंगलेली. विसर्जनाला."

"मूर्तीला नखं?"

"नरसिंहाची आहे," मी म्हणालो.

हे मला कसं सुचलं ते मला आजवर कळलेलं नाही. चौदा वर्षं शास्त्र शिकून माझी बुद्धी इतकी कधी चालली नव्हती! बाळंभटांनी हात काढून घेतला, डोळ्यांना लावला आणि मोठ्यानं नरसिंहाचा जयजयकार केला. मग काय विचारता! काशीत जयजयकार एकट्याचा राहतो का? पायरीपायरीवरून माणसं उठली. कुणी घंटा आणली, कुणी बेलफूल वाहिलं, एका यात्रेकरू बाईनं आपल्या मुलाला करंडीखालून तीनदा नेलं. त्या पोराच्या अंगात प्लेग शिरला तर, या विचारानं मी करंडी आणखी उंच धरली. मी कसाबसा नावेत चढलो. मल्लाह म्हणाला, भगवानकी सवारी आहे, भाडं कसलं! मधोमध गेल्यावर मी शाल काढून घेतली आणि करंडी पाण्यात उलटी केली. एक पांढरं पीस वाऱ्यानं उडून घाटाकडे गेलं आणि तिकडच्या लोकांनी हात जोडले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी उठलो की आधी काखेत गाठ चाचपायची, मग हिच्या, मग अण्णा झोपेत असतील तर त्यांच्याही. (अण्णांनी एकदा माझा हात धरला आणि विचारलं की तुला वेड लागलंय का. मी हो म्हणालो, ते सोपं होतं.) गाठ कुणालाच आली नाही. पांडेजीही, नवल म्हणजे, गप्प राहिले. त्यांना प्लेग म्हटलं की आपल्याही भिंतींना चुना लागेल, हे उशिरा सुचलं असावं. पण प्लेग नाही तर मग काय? साप म्हणावा तर सातांना एका रात्रीत चावेल कसा? विष म्हणावं तर दाणे तसेच. मी खुराड्यापुढे तासन्‌तास बसायचो. ही म्हणायची, अहो, आत या, ऊन आहे. मला ऊन कळत नव्हतं, मला साहेब दिसत होते. पांढऱ्या कोंबड्या बाजारातून आणाव्यात म्हटलं तर सगळा बनारस पालथा घातला तरी मिळाल्या त्या लाल नाहीतर काळ्या. आणि वेदपाठ्याचा मुलगा कोंबडीबाजारात रंग बघत हिंडतोय, हे दृश्य आमच्या तीन यजमानांनी पाहिलं ते वेगळंच.

आणि साहेब आले. बंगल्यावर जायच्या आधी थेट आमच्याकडे, मॅडमनी पाठवलं म्हणून. सबंध गल्ली मागे. मी त्यांना बाहेरच्या चबुतऱ्यावर चटई टाकून बसवलं. मी एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं, की एक साथ आली आणि त्यात आपली पाखरं गेली. ते म्हटलं. साहेबांचा चेहरा उतरला, मग त्यांनी विचारलं, कसली साथ? तुरे काळे पडले होते का? मी हो म्हणालो. की पांढरे? मी तेही हो म्हणालो. आधी खाणं सोडलं होतं का? मी म्हटलं, नाही, उलट फार खात होत्या. साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी खानसाम्याकडे अशाच नजरेनं बघितलं असणार. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्या त्या तोलून बोललेल्या हिंदीत त्यांनी विचारलं, "मास्टर, सच बोलिए. खाया?"

गल्ली दोन पावलं पुढे सरकली. आत अण्णांच्या हातातली पळी खाली पडल्याचं मला ऐकू आलं. नोकरी गेलीच होती, आता जातही चालली होती. मी मान हलवली, पण ती भीतीनं अशी हलली की हो की नाही ते माझं मलाच समजलं नाही.

तेव्हा दाराआडून आत्या बोलली. जन्मात ती परक्या पुरुषापुढे आली नव्हती, आणि हा तर गोरा. पदर डोळ्यांपर्यंत ओढून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "खाया नहीं साहब. उपास कराया."

मग अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत तिनं सगळं सांगितलं, अगदी अभिमानानं. निर्जळेच्या दिवशी या घरात कुणी पाणी घेत नाही, मग यांनी का घ्यावं? इतके दिवस आमचं अन्न खाल्लं, यांचाही जन्म मार्गी लागायला नको? मी आत जाऊन आडवा झाल्यावर तिनं फुलं तोडायच्या आकडीनं दार उघडून, जाळीला शिवल्याशिवाय, कुंडं आणि ताटलीतले दाणे बाहेर ओढून घेतले. द्वादशीला उजाडायच्या आत, पारण्यासाठी म्हणून, पुन्हा सारून ठेवले. पाखरं निजली आहेत असं समजून तिनं त्यांना उठवलं नाही. आम्हाला का नाही सांगितलं? कुणी विचारलंच नाही.

"मला सूट दिलीत, दोन जिवांची म्हणून," ही माझ्या मागे पुटपुटली, "आणि त्या अंडी घालणाऱ्यांना नाही?"

साहेब मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी विचारलं, त्या दिवसभरात त्यांनी पाणी मागितलं नाही का?

आत्या जरा थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला. "मागितलं ना," ती म्हणाली. "चोची उघडून बसले होते सगळे. मी खिडकीतून बघत होते. पण पहिली निर्जळा सगळ्यांनाच जड जाते, साहब. मी नऊ वर्षांची होते माझ्या पहिल्या वेळी. माझंही तोंड असंच उघडं पडलं होतं. आईनं बाहेरून कडी लावली होती आणि दाराशी बसून रडत होती. मी नाही मेले. मला वाटलं, हेही नाही मरणार."

अण्णा आतून येऊन तिच्या मागे उभे होते, ते परत आत गेले. जन्मभर तिच्या हातचं खाऊन वाढलो, आणि ही गोष्ट तिला विचारायला आमच्याकडे एक गोरा यावा लागला. साहेबांनी टोपी गुडघ्यावर फिरवली, खाली बघितलं आणि मग हळू आवाजात म्हणाले, माँजी, थोडं पाणी मिळेल का? आत्याच आत गेली. मातीच्या नव्या कुल्हडात पाणी आणलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि साहेबांचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली, आणखी हवं का म्हणून.

शाळा उघडली आणि मला कायम केल्याचा हुकूम आला. मी साहेबांचे आभार मानायला गेलो, तर म्हणाले, मास्टर, ज्याच्या घरात कोंबड्यासुद्धा नियमानं वागतात, त्याच्या हाताखाली पोरं का वागणार नाहीत? शाळेचं वसतिगृहही आजपासून तुमच्याकडे. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की साहेबांचा माझ्यावर केवढा विश्वास आहे. आणि तो होताच. फक्त दर एकादशीला न चुकता साहेबांचा चपराशी वसतिगृहात यायचा, माझ्यादेखत सगळे घडे हलवून बघायचा आणि पोरांना एकेक करून माझ्यासमोर पाणी प्यायला लावायचा.